नवशिक्यांचा ताकदवर्ग, वेंगुर्ला : प्रकल्प नोंदी (जून ते सप्टेंबर २०२४)

१ जून २०२४, शनिवार

व्यायामशाळेच्या कार्यकारिणीने नवशिक्यांच्या ताकदवर्गाला मान्यता दिली आहे. वर्ग १० जूनपासून बारा आठवडे, दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी भरेल. सकाळची तुकडी सहा वाजता व संध्याकाळची साडेसहा वाजता सुरू होईल. ज्यांनी वजन घेऊन नियमित व्यायाम कधीच केलेला नाही, अशांनाच प्रवेश द्यायचा, हे आधीच ठरले आहे. कारण जुने आणि नवे एकत्र आले की नव्याचे लक्ष शेजारच्या रॉडवर किती वजन आहे याकडे जाते आणि तेथूनच दुखापतींना सुरुवात होते.

साहित्याची मोजदाद केली. वीस किलोचे दोन रॉड, एक स्क्वॉट रॅक (खांद्याच्या उंचीवर रॉड टेकवण्याची चौकट), एक बेंच, अडीच ते वीस किलोपर्यंतच्या डंबेलच्या जोड्या, वरचा दांडा छातीकडे खाली ओढण्याचे एक लॅट पुलडाउन यंत्र आणि वीस, दहा, पाच व अडीच किलोच्या प्लेट्स आहेत. सव्वा किलोची प्लेट एकही नाही. सभासदांना ही उणीव किरकोळ वाटली. माझ्या मते नवशिक्यांच्या वर्गासाठी सर्वांत मोठी उणीव हीच आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहीन.

उद्दिष्ट एकच ठेवले आहे. बारा आठवड्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या वहीत पाहून, कोणालाही न विचारता, आज कोणता व्यायाम किती वजनाने करायचा हे ठरवता आले पाहिजे. वजन घटवणे, पोट आत घेणे, दंड दाखवणे यांपैकी कशाचीही हमी वर्ग देणार नाही, असे सूचनाफलकावर लिहिले आहे.

५ जून, बुधवार

प्रवेशअर्जासोबत आरोग्याची प्रश्नावली भरून घेतली. छातीत दुखणे, चक्कर येणे, मधुमेह, रक्तदाब, हर्निया, गेल्या वर्षभरातील शस्त्रक्रिया, गरोदरपण आणि पाठीचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे, एवढेच प्रश्न विचारले. ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, त्यांना डॉक्टरांचे पत्र आणण्यास सांगितले. काहींना ही अडवणूक वाटली. परंतु जड वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब काही क्षणांपुरता बराच चढतो. निरोगी तरुणाला त्याचे काही वाटत नाही, मात्र ज्याचा दाब मुळातच ताब्यात नाही त्याच्यासाठी ते धोक्याचे आहे. अशा सभासदांनी उचलताना श्वास सोडायचा आणि हलक्या वजनावरच राहायचे, असा नियम केला. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवायची आहे.

१० जून, सोमवार

वर्ग सुरू झाला. दोन्ही तुकड्या मिळून वीसएक जण आहेत : कॉलेजातले मुलगे, दोन शिक्षिका, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, बाजारात मासळी विकणाऱ्या एक ताई, आंब्याच्या बागांत राबणारे दोघे आणि काही गृहिणी.

व्यायामप्रकार मोजकेच निवडले आहेत. खाली बसून उठणे, जमिनीवरून उचलणे, समोर ढकलणे, डोक्यावर ढकलणे, स्वतःकडे ओढणे आणि वजन हातात घेऊन चालणे, या सहा हालचालींत शरीरातील बहुतेक सर्व मोठे स्नायू कामाला लागतात. त्यांचे दोन दिवसांत वाटप केले. पहिल्या दिवशी स्क्वॉट (बसून उठणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलणे) आणि रोइंग (वजन स्वतःकडे ओढणे). दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलणे), ओव्हरहेड प्रेस (डोक्यावर ढकलणे) आणि लॅट पुलडाउन. आणि दोन्ही दिवशी शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन सभागृहाच्या दोन फेऱ्या. हे दोन दिवस आलटून पालटून येत राहतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रकाराचे दोन सेट, प्रत्येकी आठ रेप्स (रेप म्हणजे एक पूर्ण हालचाल, आणि सलग केलेल्या रेप्स म्हणजे एक सेट). दुसऱ्या आठवड्यापासून तीन सेट.

‘बायसेपचा दिवस कुठला?’ हा प्रश्न पहिल्याच तासाला आला. ओढण्याच्या प्रत्येक प्रकारात दंडाचा पुढचा स्नायू राबतोच, आणि नवशिक्याला पहिले तीन महिने तेवढे पुरते. एकेका अवयवाला एकेक दिवस वाटून देणारे वेळापत्रक बरीच वर्षे व्यायाम केलेल्यांच्या उपयोगाचे असेल. नवशिक्याला तीच हालचाल आठवड्यातून दोन-तीनदा करायला मिळाली तर ती अंगवळणी पडते. आठवड्यातून एकदाच मिळाली तर दर वेळी नव्याने शिकावी लागते.

आज कोणालाही रॉड दिला नाही. स्क्वॉट छातीशी डंबेल धरून केला. डेडलिफ्टची हालचाल शिकवण्यासाठी, हातात भरलेली कळशी असताना मागचे दार ढुंगणाने ढकलून लावावे तसे खुबे मागे न्या, असे सांगितले, आणि गुडघे पुढे ढकलून वाकणारे बहुतेक जण पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकू लागले. मासळी विकणाऱ्या ताई सुरुवातीला ‘ह्यां माका जमाचां नाय’ म्हणत मागे उभ्या होत्या. त्यांची हालचाल सर्वांत चोख निघाली, यात नवल नाही. टोपली उचलण्याची सवय त्यांना वर्षानुवर्षे आहे.

१४ जून, शुक्रवार

अपेक्षेप्रमाणे निम्मे जण लंगडत आले. सवय नसलेल्या व्यायामानंतर स्नायूंचे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक जाणवते आणि आपोआप ओसरते, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, म्हणून कोणी घाबरले नाही. त्यासाठी गोळी घेण्याची किंवा वर्ग बुडवण्याची गरज नसते. हलकी हालचाल केली की आराम पडतो. दुखणे हे व्यायाम चांगला झाल्याचे प्रमाणपत्र मात्र नव्हे. दोन-तीन आठवड्यांनी ते जवळजवळ थांबते, तरीही ताकद वाढतच असते.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकवल्या. सांध्यात एका जागी टोचणारी, उचलतानाच उठणारी कळ आली की तो व्यायाम त्याच क्षणी थांबवायचा. आणि स्नायू सुजून असह्य दुखत असतील व लघवी चहाच्या किंवा कोला पेयाच्या रंगाची होत असेल, तर घरी न थांबता थेट रुग्णालयात जायचे. अतिश्रमाने स्नायूपेशी फुटून त्यांतील द्रव्य मूत्रपिंडांवर येते तेव्हा असे होते. नवख्या माणसाकडून पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढून घेतल्या की हा धोका संभवतो, आणि अशा बैठका काढून घेण्यात भूषण मानणारे शिक्षक आजही आहेत.

२१ जून, शुक्रवार

पावसाची झड लागली असून सभागृहात हवा कोंदट आहे. दमटपणात घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि थकवा लवकर येतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवणे आणि दोन सेटमध्ये किमान दोन मिनिटे बसणे सक्तीचे केले. येण्यापूर्वी तासभर आधी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून घेतली तर पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही मिळतात. वेगळ्या पेयाची आवश्यकता नाही.

खारी हवा आणि घाम यांमुळे रॉडवर गंज धरू लागला आहे. हाताला लावलेली खडूची पूड रॉडच्या खाचांत राहते आणि ओल धरून ठेवते. रोज रात्री नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करून, आठवड्यातून एकदा शिलाई यंत्राच्या तेलाचा बोळा फिरवण्याचे काम वाटून दिले.

१ जुलै, सोमवार

तिसरा आठवडा संपला आणि बहुतेकांच्या हाती रॉड आला. आज वजन वाढवण्याचा नियम फळ्यावर लिहिला : तिन्ही सेटमध्ये दहा-दहा रेप्स, ठरलेल्या पद्धतीने, आणि शेवटी आणखी दोन निघाल्या असत्या असे वाटत असताना पूर्ण झाल्या, तरच पुढच्या वेळी वजन वाढवायचे आणि पुन्हा आठ रेप्सपासून सुरुवात करायची. शेवटच्या दोन रेप्स शिल्लक ठेवण्याबद्दल मुलांची कुरकुर आहे. ‘जोर संपेपर्यंत करू नये का?’ असे विचारतात. नवशिक्याचे तंत्र थकव्यात सर्वांत आधी बिघडते आणि बिघडलेल्या हालचालीचीच त्याला सवय लागते, शिवाय परवाचा दिवसही त्यामुळे वाया जातो. दोन रेप्स मागे ठेवून थांबणाऱ्याची ताकद या टप्प्यावर जवळजवळ तेवढीच वाढते.

हळूहळू वजन वाढवत नेण्याच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक मिळाली ती रुग्णालयात, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डेलॉर्म नावाचे अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या मांडीचे आटलेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी जड वजनाचे व्यायाम देऊ लागले. तेव्हाचा रिवाज हलक्या, वारंवार हालचालींचा होता. त्यांनी १९४५ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. प्रारंभी ते सात ते दहा सेट करून घेत, पुढे सहकारी वॉटकिन्स यांच्यासह १९४८ मध्ये त्यांनी ते तीनवर आणले. पहिला सेट दहा वेळा कसाबसा उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने आणि तिसरा पूर्ण वजनाने. आमच्या फळ्यावरचे तीन सेट त्याच कुळातले आहेत.

आता सव्वा किलोच्या प्लेटकडे येतो. आमच्याकडची सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, म्हणजे रॉडच्या दोन्ही बाजूंना मिळून किमान वाढ पाच किलोची. साठ किलोच्या स्क्वॉटला ती आठ टक्के होते, वीस किलोच्या ओव्हरहेड प्रेसला पंचवीस टक्के. ज्या शिक्षिकेने वीस किलोच्या रिकाम्या रॉडने दहा रेप्स काढल्या, तिने पंचवीस किलो डोक्यावर ढकलावेत ही अपेक्षाच गैर आहे, आणि ती अडली तर दोष तिच्या चिकाटीत नाही. सव्वा किलोच्या प्लेट्सची मागणी नोंदवली. त्याखेरीज कुडाळच्या एका लेथवर अर्ध्या किलोच्या लोखंडी चकत्या कापून घ्यायला दिल्या आहेत. भोक पन्नास मिलिमीटरच्या दांड्यावर सैल बसेल एवढे. दोन चकत्यांनी वाढ एक किलोची होईल, म्हणजे त्या शिक्षिकेसाठी पाच टक्के.

ज्यांना वीस किलोचा रॉडच डोक्यावर जड जातो, त्यांच्यासाठी डंबेल आहेत. स्त्रियांच्या स्पर्धांत वापरला जाणारा पंधरा किलोचा, थोडा बारीक रॉड घेण्याचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवतो.

३ जुलै, बुधवार

डेडलिफ्टच्या उंचीची अडचण. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. आमच्या पाच-दहा किलोच्या प्लेट्स लहान असल्याने रॉड घोट्याजवळ येतो आणि नवशिक्याला पाठ वाकवल्याशिवाय तेथवर पोचता येत नाही. बाहेर पडलेले जांभ्याचे चिरे घासून, वर रबराचे तुकडे टाकून दोन्ही बाजूंना मांडले. काकांसाठी त्यावर आणखी एक फळी, म्हणजे रॉड गुडघ्याच्या जरा खाली. पाठ सरळ राहते तेवढ्याच उंचीवरून उचलायचे. जमिनीवरूनच उचलले पाहिजे असा कोणताही दंडक नाही.

८ जुलै, सोमवार

भातलावणी सुरू झाल्याने संध्याकाळची तुकडी रोडावली आहे. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा खुब्यातून वाकवणे शहाणपणाचे नाही. अशांसाठी लावणीचे दोन आठवडे डेडलिफ्ट पूर्ण बंद ठेवला. स्क्वॉटचा एकच सेट आणि ढकलण्या-ओढण्याचे प्रकार नेहमीप्रमाणे. आठवड्यातून दोनदा आले तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम, अशीच आहे.

शेतात राबणाऱ्याला व्यायामशाळा कशाला, हा प्रश्न एकाच्या वडिलांनी विचारला. शेतीचे काम दमवते, पण त्यातले ओझे हंगामानुसार ठरते, शरीराच्या तयारीनुसार नाही. चैत्रात आंब्याच्या पेट्या, आषाढात चिखल, आणि मधले महिने जवळजवळ काहीच नाही. येथे ओझे आपण ठरवतो.

१९ जुलै, शुक्रवार

आज व्यायामाऐवजी आहारावर अर्धा तास घालवला, कारण दर वर्गानंतर कोणीतरी पावडरीच्या डब्याचा फोटो दाखवतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जावे. साठ किलोला ७२ ते ९६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वाढवू नये. एरवी किनाऱ्यावरच्या माणसाला हा आकडा कठीण नाही, कारण बांगड्याच्या किंवा तारलीच्या शंभर ग्रॅम खाण्याजोग्या भागात वीसेक ग्रॅम प्रथिने असतात. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी आहे, ताजी मासळी महाग आहे, आणि ऑगस्टमध्ये श्रावण लागला की निम्मी घरे शाकाहारी होणार.

म्हणून सभासदांनी आपापल्या घरातले खाणे लिहून आणले होते, त्यावर चर्चा केली. बहुतेकांच्या ताटात भात भरपूर आणि सोबत पातळ आमटी. डाळ तळाशी, पाणी वर. कुळीथ कोरडा शंभर ग्रॅम घेतला तर त्यात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, परंतु पिठी करताना माणशी दोन चमचे पीठ पडते. पिठी सोडावी असे कोणी म्हणत नाही. तिच्या जोडीला मोड आलेल्या कुळथाची किंवा चण्याची उसळ वाटीभर असावी. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम. सुकट आणि सोडे प्रथिनांनी समृद्ध आहेत. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी ती भिजवून, पाणी टाकून, बेताने खावी. काजूचा मुद्दा येणारच होता, वेंगुर्ल्यात तो टळत नाही : शंभर ग्रॅम काजूत अठरा ग्रॅम प्रथिने आहेत, पण चरबी चाळीस ग्रॅमहून अधिक, म्हणून मूठभर पुरेत.

व्हे पावडर म्हणजे दुधाच्या निवळीतील प्रथिन. ज्याचे जेवणातून भागत नाही त्याने घ्यावी, औषध समजून घेऊ नये. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक नसेल तर मुळीच नाही.

२९ जुलै, सोमवार

कॉलेजातल्या मुलांनी ‘आपले कमाल वजन किती?’ हे पाहण्याचा आग्रह धरला. एकदाच उचलता येईल असे वजन लावून पाहण्याला मी नकार दिला आणि त्याऐवजी सूत्र दिले : उचललेले वजन गुणिले (एक अधिक रेप्स भागिले तीस). चाळीस किलोने आठ रेप्स निघाल्या तर अंदाज सुमारे ५१ किलोचा येतो. हा अंदाजच आहे आणि रेप्स दहाच्या वर गेल्या की तो भरकटतो, तरी वहीत लिहायला पुरेसा आहे.

याच मुलांना स्नॅच (जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) हे वेटलिफ्टिंगचे दोन प्रकारही शिकायचे आहेत. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, ते त्यांनी पाहिले आहे. त्याच स्पर्धेत शेवटच्या प्रयत्नांमध्ये त्याच्या कोपराला दुखापत झाली, हेही त्यांना आठवते. वर्षानुवर्षे प्रशिक्षकाच्या नजरेखाली घडलेल्या खेळाडूचे हे क्रीडाप्रकार आहेत; वेग आणि अचूकता दोन्ही लागणाऱ्या हालचाली आठव्या आठवड्यात शिकवण्याची माझी तयारी नाही. ज्याला त्यातच रस आहे त्याने त्या खेळाच्या प्रशिक्षकाकडे जावे, आणि जाताना चांगला स्क्वॉट घेऊन जावे.

७ ऑगस्ट, बुधवार

पहिल्या सहा आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाची वाढ भराभर झाली. आता वेग मंदावला आणि निराशेचे सूर येत आहेत. सुरुवातीची वाढ मुख्यत्वे मज्जासंस्थेची असते : असलेल्याच स्नायूतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू जाड होण्याचे काम सावकाश चालते, स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध त्याहून सावकाश बळकट होतात. हे समजावल्यावर एका काकूंनी विचारले, ‘म्हणजे सर, हात पुरुषांसारखे होणार नाहीत ना?’ स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुरुषांच्या कितीतरी पट कमी असते. दंड फुगण्याची भीती अनाठायी आहे. त्यांच्या वयात हाडांची घनता टिकवण्यासाठी हाच व्यायाम उपयोगी पडतो, हे त्यांना अधिक पटले.

अडलेल्यांसाठी उपाय ठरवला. एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा रेप्स पूर्ण झाल्या नाहीत तर दहा टक्के वजन कमी करून पुन्हा चढत यायचे. त्यापूर्वी वही उघडून झोप पाहायची. एका मुलाचा बेंच प्रेस अडला होता. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला वर्ग, असे त्याच्याच अक्षरात लिहिलेले निघाले. त्याला संध्याकाळच्या तुकडीत घातले. आठवड्याभरात अडलेल्या वजनाच्या रेप्स पूर्ण झाल्या.

३० ऑगस्ट, शुक्रवार

बारावा आठवडा संपला. गळती झाली, मुख्यतः लावणीत, आणि त्यांतले काही परतले. जे टिकले त्यांच्या वह्या तपासल्या. शिक्षिका ओव्हरहेड प्रेसमध्ये वीसवरून सव्वीस किलोवर आल्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक वाढ लेथवरच्या चकत्यांनी एकेक किलोने झाली आहे. काका फळीवरून उतरून आता चिऱ्यांवरून उचलतात. मासळीवाल्या ताईंनी साठ किलोने आठ रेप्स काढल्या आणि ‘एवढा तर टोपलीत असताच’ म्हणून मोकळ्या झाल्या.

उद्दिष्टाची चाचणी वेगळी घेतली. प्रत्येकाला वही देऊन आजचा व्यायाम स्वतः ठरवायला सांगितला. बहुतेकांनी बरोबर ठरवला. मुलांपैकी दोघांनी नियमाहून अधिक वजन लिहिले, त्यांना आणखी चार आठवडे माझ्या देखरेखीखाली ठेवणार आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

शनिवारी, ७ तारखेला गणपती. चाकरमानी येऊ लागले आहेत, व्यायामशाळा विसर्जनापर्यंत बंद राहील. दोन आठवड्यांच्या खंडाने कमावलेली ताकद फारशी उतरत नाही. परतल्यावर पहिल्या दोन वर्गांत नेहमीच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांनी, दोनच सेट करायचे आणि तिसऱ्या वर्गापासून पूर्ववत. मधल्या काळात ज्यांना राहवत नाही त्यांनी दिवसाआड जोर आणि बैठका काढाव्यात, प्रत्येकी तीन सेट, दोन शिल्लक ठेवून.

पुढच्या तुकडीसाठी कार्यकारिणीकडे दिलेली मागणी : पंधरा किलोचा एक रॉड, सव्वा किलोच्या प्लेट्सच्या चार जोड्या, अर्ध्या किलोच्या चकत्यांच्या आणखी दोन जोड्या आणि रेघा आखलेल्या वह्या. चकत्या या खेपेस गॅल्वनाइज करून घ्यायच्या आहेत. पहिल्या दोन पावसात गंजल्या.